प्लेटखोलीतली सासू

कुंदा दारातून आत आली आणि पडद्यावर लाल झाली.

तिच्या आधी आत गेलेली माणसं निळी दिसली होती. विनया निळी, हेमराज बारापात्रे निळा, साफसफाईची यमुना तर इतकी फिकट निळी की नीट दिसेचना. कुंदा मात्र टोपीपासून बुटापर्यंत लाल. अंगावर पांढरा सूट, तोंडावर पट्टी, नुसते डोळे उघडे. त्या डोळ्यांनी ती दारावरच्या पडद्याकडे बघत राहिली.

"अगं माय," ती म्हणाली, "मी काय जळून राहिली का?"

हेमराज हसला. "सासूनं पहिल्याच दिवशी सुनेला ओळखलं."

तेव्हापासून दारातल्या त्या नव्या यंत्राचं नाव सासू पडलं. कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते कोणी घेतलंच नाही.

बुटीबोरीच्या त्या कंपनीत चिपा बनत. विनया पराते तिथल्या प्लेटखोलीची प्रमुख होती. कुंदा तिची धाकटी जाऊ. दोघी नागपुरात पाचपावलीच्या एकाच घरात राहत, एकाच बसनं कामावर येत. कुंदाला इथं चिकटवलं ते विनयानंच. घरातला हातमाग बंद पडला, कुंदाचा नवरा दुकानात माल उचलायला लागला, तेव्हा विनयानं साहेबांना सांगितलं होतं, माझी जाऊ आहे, तिच्या हाताला हिसका नाही.

प्लेटखोलीत हाताला हिसका नसणं हीच मोठी लायकी. प्लेट म्हणजे तळहाताहून थोडी मोठी, जाड, अतिशय स्वच्छ काच. तिच्यावर क्रोम धातूच्या बारीक रेघांची नक्षी असते. रांगोळीचा छापा असतो ना, भोकं पाडलेला, वरून रांगोळी टाकली की खाली फूल उमटतं, तसंच हे. फक्त रांगोळीच्या जागी प्रकाश आणि जमिनीच्या जागी सिलिकॉनची चकती. छापा एक, त्यावरून चिपा लाखो. छाप्याची एक पाकळी मोडली तर दारोदारच्या फुलांची तीच पाकळी मोडणार.

आणि ही काच हात न लावता बिघडते, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, केस उभे राहतात. तो स्थिर विजेचा भार. असा भार नुसता जवळ आला तरी त्याची ओढ लांबवर पोचते. प्लेटवरच्या क्रोमच्या रेघा म्हणजे काचेच्या पाण्यात सुटी सुटी बेटं. विजेला एका बेटावरून दुसऱ्यावर जायला वाट नाही. ओढ आली की एका बेटावर जास्त ताण चढतो, शेजारच्यावर कमी. मधली फट केसाच्या कितीतरी पट बारीक. ताण सोसवेनासा झाला की तिथं ठिणगी पडते. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. धातूचा कण वितळून फटीत सरकतो आणि दोन रेघा जवळ येतात. कधी ठिणगीही पडत नाही, धातू नुसता हळूहळू सरकत राहतो. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेली प्लेटही सुटत नाही, कारण प्लॅस्टिकमधून ही ओढ उन्हासारखी आत जाते.

म्हणून सासू आणली होती. दाराच्या चौकटीत आणि खोलीच्या कोपऱ्यांत बारीक स्फटिक बसवले होते. जवळ भार आला की स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशाची चाल जराशी बदलते. ते बदल गोळा करून संगणक चित्र काढी आणि भार माणसांच्या अंगावर रंगासारखा दिसे. निळा म्हणजे शांत, लाल म्हणजे धोका. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर त्याचा रंग येई.

"घरातली सासू बरी," कुंदा बसमध्ये म्हणाली. "तिच्या डोळ्यात मोतीबिंदू तरी आहे."

विनया हसली. पण कुंदा हसत नव्हती.

*

कुंदाचा दोष एवढाच होता की तिची कातडी कोरडी होती. थंडी सुरू झाली की तिच्या मनगटाला पांढऱ्या भेगा पडत. खोलीत काम करताना मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची तार जमिनीला जोडलेली, म्हणजे अंगावरचा भार निघून जातो. पण कोरड्या कातडीला पट्टा नीट धरत नव्हता. हे लक्षात आल्यावर कुंदानं घरी खोबरेल तेल चोपडायला सुरुवात केली. तेलातून वीज जात नाही. ती आणखी लाल झाली.

"मला काढतील, ताई," ती म्हणाली.

"कोणी काढत नाही."

"यमुना सांगत होती, शांत अंगाचेच लोक आत ठेवणार."

"यमुनाला कोण सांगतं? तू असं कर. प्लेटांचं कपाट उघडायच्या आधी देवीवरून हात फिरव, शांतपणे. मन जागेवर येईल."

देवी म्हणजे कोराडीची जगदंबा. दसऱ्याला सगळ्या कारखान्यात यंत्रांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. प्लेटखोलीत यातलं काहीच चालत नाही. फुलाचा एक परागकण आत गेला तर आठवड्याचं काम वाया जाईल. म्हणून विनयानं काही वर्षांपूर्वी इतवारी बाजारातून पारदर्शक ॲक्रिलिकची एक पाटी करून आणली होती. तिच्यावर देवीचं चित्र आणि खाली छापलेली झेंडूची माळ. पाटी नीट धुऊन, पुसून, दसऱ्याला कपाटाच्या दारावर लावायची आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवायची. त्या दिवशी काम बंदच असे.

आत हातमोजे असल्यामुळे पाया पडायचं तेही वेगळं. ज्याला हात लागेल ते पुसून घ्यायचं असा आतला नियम. त्यामुळे पाटीला हात लावायचा आणि आतल्या मऊ कापडानं ती पुसायची, असं झालं. मग नुसतं पुसणंच राहिलं. गंध नाही, फूल नाही, उदबत्ती नाही. पुसणं हीच पूजा.

या वर्षी दसऱ्याच्याच आठवड्यात सासू आली. कोणाचा रंग काय निघेल, कोणाला काढतील, हीच चर्चा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेमराजनं पाटी काढायला हात वर केला तर यमुना म्हणाली, "राहू द्या ना जी, तिचा आधार वाटते." हेमराजनं विनयाकडे बघितलं. आत प्लॅस्टिकची कुठलीही वस्तू ठेवायची नाही, हे बघायचं काम विनयाचं.

"राहू दे," विनया म्हणाली.

*

दिवाळीनंतर पहिली प्लेट गेली. मग दुसरी. दोन्ही रेल्वेच्या सिग्नलच्या चिपांच्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तर रेघांच्या टोकांना बारीक कोंब फुटल्यासारखे दिसत. अशा प्लेटवरची चिप परीक्षेत पास होईल, वर्ष दोन वर्षं चालेल आणि मग एखाद्या दिवशी लालऐवजी हिरवा दाखवील. सौमित्र लेले हे बोलला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. सासू बसवणारा तरुण साहेब तो. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता.

"दोन्ही वेळा कपाटाशी कोण होतं ते यंत्र सांगतं," तो म्हणाला. "मला नाव घ्यायला आवडत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून कुंदा आत गेली की इतर लोक भिंतीशी सरकत. जेवणाच्या सुट्टीत यमुनानं आपला डबा हळूच पलीकडे नेला. कुंदानं ते पाहिलं आणि भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून पाणी प्यायली.

घरीही ते पोचलं. पाचपावलीतून कंपनीत जाणारे आणखी लोक होते, कोणाचा रंग काय हे गल्लीला ठाऊक होतं. विनयाच्या चुलतपुतणीच्या बाळाचं बारसं निघालं. घराण्यातल्या प्रत्येक बारशाला पाळण्याच्या एका बाजूला कुंदा उभी राही आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून बाळ पलीकडे देई. तिच्या हातात बाळं रडत नाहीत असं सगळ्या म्हणत.

या वेळीही ती पुढे झाली. अंगावर नायलॉनची नवी शाल. पाळण्याची स्टीलची साखळी धरायला गेली आणि चट् असा आवाज झाला. इवलीशी ठिणगी. हिवाळ्यात कोणाच्याही हाताला बसते तशी.

"बाप्पा!" बाळाच्या आजीनं बाळ छातीशी ओढलं. "कुंदे, तू जरा तिकडंच बस. वाईट नको वाटून घेऊ. तुझ्यात करंट आहे म्हणतात ना."

"करंट नाही हो तो..." कुंदा म्हणाली आणि तिनं विनयाकडे बघितलं. विनयाला ते सगळं समजावता आलं असतं. ती प्लेटखोलीची प्रमुख होती, तिचं सगळ्यांनी ऐकलं असतं. पण ती जिलबीचं ताट हातात घेऊन उभी होती आणि तिला वाटलं, आता बोलले तर आणखी गाजावाजा होईल.

घरी येताना रिक्षात सासूबाई पुटपुटल्या, "माणसाले रंग लावून राहिले मेले."

दुसऱ्या दिवशी विनयानं पाहिलं, कुंदा पाटी पुसते आहे. आधी ती एकदा पुसत असे. आता वरपासून खालपर्यंत, मग कोपरे, मग परत देवीच्या पायांशी. विनयाला बरं वाटलं. हिला आधार मिळतोय, असं तिच्या मनात आलं.

त्या आठवड्यात तिसरी प्लेट गेली.

*

"विनयाताई, मला तुमच्या तोंडून हवंय," सौमित्र म्हणाला.

ते दोघं बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. प्लेटखोली आत, तीन दारांपलीकडे. तिथं जायचं तर सूट चढवून, हवेचा फवारा घेऊन जावं लागतं.

"सिग्नलची एकच प्लेट शिल्लक आहे. ती गेली तर नवी यायला उन्हाळा उजाडेल. कुंदाताईंना उद्यापासून आत पाठवायचं नाही, असं मला वाटतं. त्यांना पॅकिंगमध्येही जागा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या तुमच्या खोलीतल्या. तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन."

 विनयाला घर दिसत होतं. स्वयंपाकघरात दोघींनी एका ओट्याशी उभं राहायचं, एकीनं कामावर जायचं आणि दुसरीनं तिचा डबा भरायचा.

"हे बघा तिसऱ्या प्लेटच्या दिवशीचं," सौमित्रनं चित्र सुरू केलं.

करड्या पोकळीत लाल कुंदा चालत आली. खोलीतलं टेबल, दिवे, भिंती काहीच नव्हतं. जे हलत नाही ते वगळायचं असं सासूला शिकवलेलं होतं. नाहीतर पडदा तारांनी आणि दिव्यांनी भरून जाई. शिवाय भार माणसांच्या हालचालीतून येतो, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

लाल कुंदा थांबली. तिनं हात वर केला आणि पोकळीत फिरवायला लागली. वरून खाली, मग कोपऱ्यात, मग परत.

"हे काय करतात त्या, मला कळलेलं नाही," सौमित्र म्हणाला. "खांदा दुखतो का त्यांचा?"

विनयाला कळलं, कुंदा पाटी पुसत होती.

लोकरीचा स्वेटर. शाल. कोरड्या हवेत कापडानं घासलेलं प्लॅस्टिक. शाळेतली पोरं सुद्धा कंगवा केसांना घासून कागदाचे कपटे उचलतात. आणि ती पाटी कपाटाच्या दारावर, बरोबर ज्या ड्रॉवरमधून प्लेटा काढायच्या त्याच्या वर. कुंदा जितकी घाबरे तितकी जास्त पुसे, जितकी पुसे तितकी प्लेट बिघडे, आणि प्लेट बिघडली की ती आणखी घाबरे. सासू यायच्या आधी पाटी एका दिवसावर कधी राहिलीच नव्हती.

आणि हात फिरवायला कोणी सांगितलं होतं?

"ताई?" सौमित्र म्हणाला.

"बघतेय," विनया म्हणाली.

सांगितलं तर खोली जाणार. आत प्लॅस्टिक नाही याची जबाबदारी तिची होती. पाटी तिनं आणलेली, तिनं राहू दिलेली, पुसायला तिनं लावलेलं. न सांगितलं तर... पाटी आज संध्याकाळी गुपचूप काढता येईल. कोणाला काही कळणार नाही. कुंदा गेल्यावर प्लेटा बिघडायच्या थांबतील आणि सगळे म्हणतील, बघा, तिच्यामुळंच होतं.

"आत्ता आत कोण आहे?" तिनं विचारलं.

"त्याच आहेत. शेवटची प्लेट मशीनवर चढवायची आहे ना." सौमित्रनं चित्र बदललं. "हे आत्ताचं."

लाल कुंदा पोकळीत उभी होती. तिचा हात वर गेला.

विनया बघत राहिली. हात खाली आला, परत वर गेला. आतल्या माणसांशी बोलायची कळ टेबलावर होती, हाताच्या अंतरावर. पडद्यावरचा हात कोपऱ्यांकडे वळला. विनयाला वाटलं, अजून ड्रॉवर उघडलेला नाही, अजून वेळ आहे. कुंदा देवीच्या पायांशी आली. मग तिनं परत वरपासून सुरुवात केली. आज तिला जास्तच भीती वाटत असणार.

मग कुंदानं दोन्ही हात जोडले आणि ड्रॉवरकडे वाकली.

विनयानं कळ दाबली. "कुंदा! ड्रॉवर उघडू नको!"

पडद्यावरची लाल बाई दचकून थांबली. "काहून, ताई? काय झालं?"

"काही करू नको. मागं सरक. हळू."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. तू फक्त मागं हो."

सौमित्र उठून उभा राहिला होता. "काय आहे तिथं?"

"देवी आहे."

"कुठं? मला काही दिसत नाही."

"तुमच्या यंत्रानं वगळली तिला. हलत नाही म्हणून." विनयानं पडद्याकडे बोट केलं. "सगळं दाखवा. भिंती, कपाट, सगळं."

त्यानं बटणं दाबली. पोकळीत हळूहळू खोली भरत गेली. टेबलं, नळ्या, दिवे सगळे निळे. आणि कपाटाच्या दारावर एक चौकोन पांढराशुभ्र, भट्टीचं दार उघडल्यासारखा. त्याच्याशेजारी उभी असलेली कुंदा आता लाल वाटेचना. चुलीजवळच्या निखाऱ्यासारखी, विझत आलेली. चौकोनाची झळ खाली पसरत ड्रॉवरपर्यंत पोचली होती.

"अरे देवा," सौमित्र म्हणाला.

त्यानं टेबलावरचा आयनांचा पंखा कपाटाकडे वळवायला कुंदाला सांगितलं. त्या पंख्याच्या हवेत दोन्ही जातींचे विद्युतकण असतात, ते भार गिळून टाकतात. कुंदानं न बोलता पंखा ढकलत आणला. पांढरा चौकोन पिवळा झाला, मग तांबूस, मग निळा. 

"म्हणजे पाटीमुळं?" आतून कुंदाचा आवाज आला. "मी पुसल्यामुळं?"

"हो," सौमित्र म्हणाला. "तुमच्या अंगामुळं नाही. तो भार किरकोळ होता. पण ही प्लॅस्टिकची पाटी आत कोणी लावली? आणि पुसायचं कोणी ठरवलं?"

"ते तर..." कुंदा म्हणाली आणि थांबली. पुढे बोललीच नाही.



"मी लावली," विनया म्हणाली. "तिला पुसायला मीच सांगितलं होतं."

सौमित्रनं चष्मा काढला, डोळे चोळले. "खोली तुमच्या ताब्यात होती, ताई."

"होय."

"मला वर कळवावं लागेल."

"कळवा. तिच्या फोनवर ते रंग पाठवता ना, ते आधी बंद करा."

शेवटची प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली नेली. रेघा सरळ होत्या. सौमित्रनं त्याच दिवशी प्लॅस्टिकच्या डब्या बदलून धातूच्या मागवल्या, कारण धातूच्या भिंतीतून ती ओढ आत जात नाही. कुंदा आतच राहणार होती. विनयानं उद्या यायचं नव्हतं. पुढचं वरचे लोक ठरवणार होते.

*

बसमध्ये दोघी नेहमीच्या बाकावर बसल्या. हेमराज पुढच्या बाकावर होता, तो वळून काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण दोघींचे चेहरे बघून परत सरळ झाला. वर्धा रस्त्यावर धूळ उडत होती. कुंदा खिडकीशी बसून मनगटावरची कोरडी साल काढत होती.

"मी त्यांना नाव सांगितलं नाही, ताई," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्ही स्वतःच सांगितलं. बरं केलं."

विनयानं मान हलवली. तिला वाटलं, आता हिचा हात धरावा. धरला नाही.

बरंच अंतर गेलं. मिहानचे दिवे मागं पडले.

"तुम्हाला कधी कळलं?" कुंदानं विचारलं.

"आज. चित्र बघताना."

"आणि मग मी आत असताना बघत होत्या तुम्ही."

"हो."

"कळ तुमच्या समोरच होती ना? मला ठाऊक आहे ती खोली. टेबलावरच असते."

"हो."

"मग किती वेळ गप्प बसल्या?"

विनयाला खोटं बोलता आलं असतं. लगेच बोलले म्हणता आलं असतं. तिनं खिडकीच्या काचेत कुंदाचा चेहरा बघितला, तो तिच्याकडेच बघत होता.

"तू पुसत होतीस तेवढा वेळ," ती म्हणाली.

 कुंदानं मांडीवरची डब्याची पिशवी उचलली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.

"मी खूप वेळ पुसते, ताई," ती म्हणाली.